एनबीएचा करार वाचताना आकडा सर्वांत शेवटी वाचा

जुलैचा पहिला आठवडा आला की आमच्या मित्रमंडळीत दरवर्षी तोच संवाद होतो. सकाळी फोन उघडायचा, कुणीतरी पाच वर्षांसाठी तीस कोटी डॉलर मिळवलेले असतात, आणि पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "याला एवढे? संघ वेडा झालाय का?" मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. पुढे एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, करार नियमांसकट वाचायला लागलो आणि लक्षात आलं की बातमीत मथळ्यात येणारा आकडा हा सगळ्या हिशेबाचा शेवट असतो. त्याआधी चार प्रश्नांची उत्तरं ठरलेली असतात. खेळाडू लीगमध्ये किती हंगाम खेळलाय? त्याच्यावर हक्क कोणाचा आहे? संघ पैसे कोणत्या वाटेने देतोय? आणि त्यातले पक्के किती? ही उत्तरं हातात आली की बहुतेक वेळा आकडा आपण स्वतःच कागदावर काढू शकतो. हा लेख त्यासाठीच आहे.

सुरुवातीला एक गोष्ट डोक्यातून बाजूला ठेवावी लागेल, ती म्हणजे आयपीएलची पर्स. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाकडे १२० कोटी रुपये होते. ते संपले की खरेदी संपली. ऋषभ पंतवर २७ कोटींची बोली लागली ती सगळ्यांसमोर, हातोडा पडेपर्यंत. एनबीएत लिलाव नाही आणि मर्यादाही तशी कडक नाही. सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या पगारखर्चाची मर्यादा, ओलांडूनही संघ आपल्या खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पण ठरावीक दारांतूनच. सगळी गंमत त्या दारांत आहे.

पायरी १ : संघ कोणत्या मजल्यावर उभा आहे ते बघा

लीगच्या बास्केटबॉलमधून होणाऱ्या उत्पन्नातला सुमारे निम्मा वाटा, ४९ ते ५१ टक्के, खेळाडूंना मिळतो. हे लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या सामूहिक कराराने ठरतं. सध्याचा करार २०२३ मध्ये लागू झाला आणि तो २०२९-३० च्या हंगामापर्यंतचा आहे. त्या उत्पन्नावरून दरवर्षी कॅप निघते. १९८४-८५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती १५.४६ कोटी डॉलर आहे.

पण कॅप हा पाच रेषांपैकी एक आकडा आहे. २०२५-२६ चे पाचही आकडे (डॉलरमध्ये) एकत्र लिहून ठेवा:

किमान खर्च: १३.९२ कोटी (कॅपच्या ९० टक्के)
सॅलरी कॅप: १५.४६ कोटी
लक्झरी टॅक्सची रेषा: १८.७९ कोटी
पहिला एप्रन: १९.५९ कोटी
दुसरा एप्रन: २०.७८ कोटी

टॅक्सच्या रेषेवर गेलेल्या संघाला जादा खर्चावर लीगकडे दंड भरावा लागतो, आणि जितकं वर जाल तितका दर चढत जातो. पहिल्या टप्प्यात जादा डॉलरमागे एक डॉलर. आधीच्या चार हंगामांपैकी तीन हंगाम टॅक्स भरलेल्या संघाला मात्र २०२५-२६ पासून पहिल्याच टप्प्यात तीन डॉलर. श्रीमंत मालक हेही सोसतात. म्हणून २०२३ च्या करारात दुसरा एप्रन आणला, आणि तिथे शिक्षा पैशाची नाही, हात बांधण्याची आहे. दुसऱ्या एप्रनवरचा संघ दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) एक मोठा खेळाडू आणू शकत नाही, ट्रेडमध्ये रोख रक्कम देऊ शकत नाही, बाहेरच्या खेळाडूसाठी मिड-लेव्हलची सवलत (ती पायरी ४ मध्ये येईल) वापरू शकत नाही, आणि सात वर्षांनंतरचा त्याचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतला हक्क) ट्रेडसाठी गोठवला जातो. २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलेल्या बोस्टनने २०२५ च्या उन्हाळ्यात ज्रू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस या दोघांना ट्रेड करून सोडलं ते या रेषेच्या खाली उतरण्यासाठी. खेळ बिघडला म्हणून नव्हे.

कॅप वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढू नये असंही आता ठरलंय. त्यामागे २०१६ चा अनुभव आहे. नव्या टीव्ही करारामुळे कॅप एका उन्हाळ्यात ७ कोटींवरून ९.४१ कोटींवर गेली, जवळजवळ प्रत्येक संघाकडे अचानक पैसे आले, आणि त्याच उन्हाळ्यात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटला केविन ड्युरंटसाठी जागा मिळाली. २०२५-२६ पासून सुमारे ७६ अब्ज डॉलरचा ११ वर्षांचा नवा प्रक्षेपण करार लागू झाला, तेव्हा कॅप बरोबर १० टक्क्यांनीच वाढली.

पायरी २ : वय नको, हंगाम मोजा

खेळाडूला जास्तीत जास्त किती देता येईल हे त्याच्या कौशल्यावर ठरत नाही. तो किती हंगाम लीगमध्ये होता यावर ठरतं. सहा किंवा त्याहून कमी हंगाम असतील तर पहिल्या वर्षी कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ असतील तर ३० टक्के, दहा किंवा जास्त असतील तर ३५ टक्के. २०२५-२६ मध्ये हे आकडे ३.८६६ कोटी, ४.६३९ कोटी आणि ५.४१३ कोटी डॉलर होतात.

यात दोन पळवाटा आहेत, आणि दोन्ही कामगिरीने उघडतात. डेरिक रोझ २०११ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) झाला, तेव्हापासून तरुण खेळाडू ऑल-एनबीए संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, निवडला गेला किंवा तसलाच मोठा मान मिळाला तर २५ ऐवजी ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दुसरी पळवाट म्हणजे लोक जिला सुपरमॅक्स म्हणतात ती: आठ-नऊ हंगाम झालेला, ड्राफ्टपासून किंवा पहिल्या करारापासून त्याच संघात असलेला खेळाडू थेट ३५ टक्क्यांवर पोचतो. २०२३-२४ पासून या मानांसाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट आली. इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन त्या हंगामात मांडीच्या दुखापतीने त्रस्त असूनही खेळत राहिला, ६९ सामने पुरे केले आणि ऑल-एनबीएच्या तिसऱ्या संघात आला. त्या निवडीची किंमत पायरी ५ मध्ये आपण स्वतः काढू.

किमान पगारही हंगामांवरच ठरतो. २०२५-२६ मध्ये नवख्याला १२.७३ लाख डॉलर, दहा हंगाम झालेल्याला ३६.३४ लाख. मग संघ जुन्या खेळाडूऐवजी स्वस्त पोरगाच घेईल, नाही का? हे होऊ नये म्हणून एक चांगला नियम आहे. जुना खेळाडू किमान पगारावर एका वर्षासाठी घेतला, तर संघाच्या खात्यावर दोन हंगाम झालेल्या खेळाडूइतकेच, म्हणजे २२.९६ लाख, धरले जातात. वरचे पैसे लीग भरते. संपूर्ण नियमावलीतला मला सर्वांत आवडलेला नियम हाच आहे.

पायरी ३ : हक्क कोणाकडे आहे?

इथे जरा थांबा. वाटाघाटीत कोणाचं पारडं जड हे बहुतेक याच पायरीवर ठरतं.

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार जवळजवळ छापील असतो. प्रत्येक क्रमांकाला ठरलेली रक्कम, त्याच्या ८० ते १२० टक्क्यांत पगार, दोन वर्षं पक्की आणि पुढच्या दोन वर्षांचा निर्णय संघाच्या हातात. चार वर्षं झाली की संघ त्याला ठरावीक रकमेची क्वालिफाइंग ऑफर देऊन 'रिस्ट्रिक्टेड' फ्री एजंट (करार संपलेला, पण पूर्ण मोकळा नसलेला खेळाडू) करू शकतो. मग दुसऱ्या संघाने कितीही मोठी ऑफर शीट दिली, तरी मूळ संघ तेवढेच पैसे देऊन त्याला ठेवून घेतो. आयपीएलमधलं राइट टू मॅच कार्ड ज्यांना कळतं त्यांना हे लगेच कळेल. यामुळे बाजार थंडावतो, कारण आपली ऑफर शेवटी मूळ संघच जुळवणार असेल तर बाहेरचा संघ त्यात जागा आणि दिवस का अडकवील?

दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला छापील करार नाही, हमीही नाही. म्हणूनच त्यांच्या करारांची मुदत फार जपून बघावी लागते. नियम असा: तीन किंवा कमी हंगाम झालेला खेळाडू करार संपताना रिस्ट्रिक्टेड होऊ शकतो. चौथा हंगाम खेळून झाला की तो मोकळा. या एका वर्षाच्या फरकाने तीन संघांचं नशीब कसं बदललं ते बघा.

निकोला योकिच २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा होता. २०१८ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरकडे त्याला आणखी एक वर्ष सुमारे १६ लाख डॉलरमध्ये खेळवायचा पर्याय होता. तो त्यांनी मुद्दाम सोडला. वरवर बघता वेडेपणा, पण ते वर्ष खेळवलं असतं तर २०१९ मध्ये योकिच पूर्ण मोकळा झाला असता. पर्याय सोडल्याने तो रिस्ट्रिक्टेड झाला, आणि डेन्व्हरने त्याला पाच वर्षांसाठी १४.८ कोटींच्या घरातला करार देऊन बांधून घेतलं. २०२३ चं विजेतेपद त्याच निर्णयावर उभं आहे.

ह्यूस्टनने २०१४ मध्ये चँडलर पार्सन्सच्या बाबतीत अगदी हाच डाव टाकला. तोही दुसऱ्या फेरीतला, ३८ वा. त्याचा स्वस्त पर्याय सोडला, डॅलसने तीन वर्षांची ४.६ कोटींची ऑफर शीट पुढे केली, आणि ह्यूस्टनने ती जुळवली नाही. स्वस्त वर्षही गेलं आणि खेळाडूही गेला. हक्क हातात असणं आणि तो वापरण्याची तयारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा जेलेन ब्रन्सन, २०१८ मध्ये ३३ वा. डॅलसने त्याला सुरुवातीलाच चार वर्षांचा करार दिला, सगळे मिळून सुमारे ६१ लाख डॉलर. चार वर्षं स्वस्त मिळाली, पण २०२२ मध्ये तो पूर्ण मोकळा होता. न्यूयॉर्कने चार वर्षांचे १०.४ कोटी दिले आणि डॅलसच्या हातात काहीच परतावा आला नाही. ब्रन्सनकडे आपण शेवटी परत येऊ.

आता बर्ड हक्क. बोस्टनच्या लॅरी बर्डवरून हे नाव पडलं. खेळाडू तीन हंगाम त्याच संघाकडे असेल (मधे ट्रेड झाला तरी हक्क त्याच्यासोबत नव्या संघाकडे जातात), तर संघ कॅपच्या वर असूनही त्याला कमाल पगारापर्यंत देऊ शकतो. दोन हंगाम असतील तर अर्ली बर्ड: आधीच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरीच्या १०५ टक्के, जे जास्त असेल ते. एकच हंगाम असेल तर फक्त १२० टक्के. एका वर्षाच्या स्वस्त करारावर येऊन उत्तम खेळलेला खेळाडू पुढच्या वर्षी त्याच संघाच्या हातून का निसटतो, याचं उत्तर बहुतेक वेळा हे १२० टक्केच असतं.

या हक्काची किंमत म्हणून संघाच्या खात्यावर एक तात्पुरता आकडा अडकून राहतो, त्याला कॅप होल्ड म्हणतात. २०१५ मध्ये सॅन अँटोनियोने याचा सुंदर उपयोग केला. कवाय लेनर्डचा कॅप होल्ड जेमतेम ७२ लाख होता, त्याला मिळणारा पगार मात्र त्याच्या दुपटीहून जास्त. संघाने लेनर्डला थांबायला सांगितलं, मधल्या जागेत लामार्कस ऑल्ड्रिजला घेतलं, आणि मग लेनर्डला बर्ड हक्काने त्याचे पूर्ण पैसे दिले. पैसे तेच, फक्त सह्यांचा क्रम बदलला.

पायरी ४ : पैसे कोणत्या खिशातून येतायत?

संघ कॅपच्या खाली असेल तर जागा आहे तेवढे द्यावेत, साधी गोष्ट. पण बहुतेक संघ कॅपच्या वरच असतात, आणि मग बाहेरच्या खेळाडूसाठी ठरावीक सवलती उरतात. २०२५-२६ मध्ये टॅक्स न भरणाऱ्या संघाला मिड-लेव्हलची सवलत १.४१ कोटी डॉलर, टॅक्स भरणाऱ्याला ५६.८५ लाख, आणि कॅपची जागा वापरून झालेल्याला 'रूम' सवलत ८७.८१ लाख. मोठी मिड-लेव्हल वापरली की तो संघ वर्षभर पहिल्या एप्रनच्या वर जाऊच शकत नाही.

म्हणून खेळाडूची किंमत सलग उतारासारखी नसते, जिन्यासारखी असते. जागा असलेल्या दोन-तीन संघांनी दुसरीकडे पैसे खर्च केले, की दीड-दोन कोटींच्या अपेक्षेत बसलेला खेळाडू एकदम १.४ कोटीच्या पायरीवर येतो, आणि तिथूनही घसरला तर साठ लाखांवर. डेनिस श्रोडरने २०२१ मध्ये लेकर्सची चार वर्षांची ८ कोटींहून मोठी मुदतवाढ नाकारल्याच्या बातम्या तेव्हा गाजल्या होत्या. त्या उन्हाळ्यात त्याने बोस्टनशी करार केला तो एका वर्षाचा, ५९ लाखांचा. टॅक्स भरणाऱ्या संघाची मिड-लेव्हल तेव्हा बरोबर तेवढीच होती. लोक त्याला हसले. मला त्या हसण्यात भाग घ्यावासा वाटला नाही. आपली किंमत ओळखून ऑफर नाकारणं हा गुन्हा नाही, पण पायऱ्यांच्या मधे उभं राहायला जागा नाही हे त्याला कुणीतरी आधी दाखवायला हवं होतं.

पायरी ५ : कागद-पेन्सिल घ्या

आता आकडा. वार्षिक वाढ नेहमी पहिल्या वर्षाच्या पगारावर धरतात, चक्रवाढ नाही. बर्ड हक्क असलेल्या संघाकडून जास्तीत जास्त पाच वर्षं आणि ८ टक्के वाढ. बाहेरच्या संघाकडून चार वर्षं आणि ५ टक्के. यावरून तीन गुणक निघतात:

पाच वर्षं, ८ टक्के: ५.८०
चार वर्षं, ८ टक्के: ४.४८
चार वर्षं, ५ टक्के: ४.३०

जेसन टेटमच्या २०२४ च्या करारावर हे लावून बघा. तो करार २०२५-२६ पासून, ३५ टक्क्यांचा. ५.४१२६ गुणिले ५.८० म्हणजे ३१.३९ कोटी. बातम्यांत आलेला ३१.४ कोटींचा आकडा हाच. त्यात घासाघीस काहीच नव्हती. सगळं आधीच ठरलेलं होतं, टेटमने फक्त ते मिळवण्याइतका खेळ केला.

आता हॅलिबर्टन. त्याचा करार २०२४-२५ पासून, तेव्हा कॅप १४.०५८८ कोटी. २५ टक्क्यांनी ३.५१४७, गुणिले ५.८०, म्हणजे २०.३९ कोटी. ३० टक्क्यांनी ४.२१७६, गुणिले ५.८०, म्हणजे २४.४६ कोटी. ६५ सामन्यांच्या उंबरठ्याच्या अल्याड-पल्याड ४ कोटी डॉलरचा फरक! ही अट चांगल्या हेतूने आणली, पण दुखऱ्या मांडीने खेळावं की थांबावं हे ठरवताना खेळाडूच्या डोक्यावर एवढं ओझं असणं मला पटत नाही.

घर सोडण्याची किंमतही याच गुणकांत दिसते. २५ टक्क्यांच्या खेळाडूला २०२५-२६ मध्ये स्वतःचा संघ २२.४ कोटी देऊ शकतो, बाहेरचा १६.६ कोटी.

पायरी ६ : पक्के किती?

एनबीएचे मोठे करार बहुधा पूर्ण पक्के असतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये मथळ्याचा मोठा भाग हवेत असतो, तसं इथे नाही. तरी शेवटचं वर्ष कोणाचं ते बघा. खेळाडूच्या हातात असेल तर ते त्याचं संरक्षण, संघाच्या हातात असेल तर संघाचं. अर्धवट हमीचे करारही असतात, आणि ज्यांना तारखेची अट नसते असे बिगर-हमीचे करार १० जानेवारीला उरलेल्या हंगामासाठी पक्के होतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एकाएकी खेळाडू सोडल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच.

बोनसमध्ये 'संभाव्य' आणि 'असंभाव्य' असे दोन प्रकार. गेल्या हंगामात खेळाडूने ती अट पुरी केली असती का, एवढाच निकष. गेल्या वर्षी ६० सामने खेळलेल्याला '५५ सामन्यांचा' बोनस दिला तर तो संभाव्य, कॅपवर धरला जातो. म्हणून एकाच कराराचे दोन आकडे बातम्यांत फिरतात.

पक्का करार संघाला नकोसा झाला तर? उरलेली रक्कम 'स्ट्रेच' करता येते: उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक. डेमियन लिलार्डच्या टाचेमागची शीर (अकिलीज) एप्रिल २०२५ मध्ये तुटली. मिलवॉकीकडे त्याची दोन वर्षं आणि सुमारे ११.३ कोटी डॉलर बाकी होते. जुलैमध्ये त्यांनी त्याला सोडलं आणि ती रक्कम दोन दुणे चार अधिक एक, अशा पाच वर्षांवर पसरली. दरवर्षी साधारण सव्वादोन कोटी, संघात नसलेल्या खेळाडूसाठी. त्यातून झालेल्या जागेत त्यांनी माइल्स टर्नरला आणलं. लिलार्डला त्याचे पैसे पूर्ण मिळणार, शिवाय त्याने पोर्टलंडशी तीन वर्षांचा ४.२ कोटींचा नवा करार केला. पक्का करार म्हणजे काय हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार नाही.

पायरी ७ : कॅलेंडर भिंतीवर लावा

३० जूनला संध्याकाळी ६ वाजता (अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, आपल्याकडे १ जुलैची पहाट, साडेतीन) बाहेरच्या खेळाडूंशी बोलणी सुरू होतात. स्वतःच्या खेळाडूंशी अंतिम मालिका संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बोलता येतं. बहुतेक सह्या मात्र ६ जुलैनंतर. मधल्या दिवसांत ठरतो तो फक्त शब्द. २०१५ मध्ये डीआंद्रे जॉर्डनने डॅलसला होकार दिला, आणि सहीच्या आधी मन बदलून आपल्या जुन्या संघाकडे, क्लिपर्सकडेच राहिला. डॅलसला कायद्याने काहीच करता आलं नाही. उलट वेळेआधी बोलणंही महाग पडतं: ब्रन्सनशी लवकर बोलणी केल्याबद्दल लीगने न्यूयॉर्कचा २०२५ चा दुसऱ्या फेरीचा पिक काढून घेतला.

हातात किती पडतं यावर थोडंसं. पगारातले १० टक्के लीग राखून ठेवते, कारण वर्षाअखेर खेळाडूंचा वाटा ठरल्यापेक्षा जास्त निघाला तर तिथून वळता करता यावा. एजंटचं कमिशन, संघराज्याचा आयकर आणि ज्या ज्या राज्यात सामना खेळला तिथला राज्य कर वेगळा. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्य आयकर नाही, कॅलिफोर्नियात वरच्या टप्प्याला १३ टक्क्यांहून जास्त. समान पगाराच्या दोन ऑफरमध्ये मियामी जिंकते, त्यात समुद्रकिनाऱ्याचा वाटा थोडाच असतो.

पायरी ८ : बाकाच्या टोकाला बसलेल्यांचे करार

मोठ्या आकड्यांच्या गर्दीत हे करार कुणी वाचत नाही. मी आवर्जून वाचतो, कारण भारताचा एनबीएशी खेळाडूंमार्फत आलेला संबंध इथूनच आहे. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने पंजाबच्या सतनाम सिंगला ५२ वा निवडला. भारतात जन्मलेला पहिला. आपल्याकडे पेढे वाटल्यासारखं वातावरण होतं. पण ५२ वा म्हणजे दुसरी फेरी, आणि दुसऱ्या फेरीत हमी नाही हे कुणी सांगितलं नव्हतं. तो डॅलसच्या संलग्न संघाकडून खेळला, एनबीएच्या मैदानावर मात्र उतरला नाही.

त्याच्या काही महिने आधी, एप्रिल २०१५ मध्ये, कॅनडात वाढलेला पंजाबी कुटुंबातला सिम भुल्लर सॅक्रामेंटोकडून खेळला आणि एनबीएत उतरलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला. त्याच्याकडे होता दहा दिवसांचा करार. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या मालकीचा तो संघ. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआयमध्ये इंडियानाविरुद्ध दोन सराव सामने खेळायला आला होता तोच. दहा दिवसांचे करार ५ जानेवारीपासून करता येतात, आणि एका संघाकडून एका खेळाडूला हंगामात फक्त दोनदा. २०२५-२६ मध्ये नवख्याला त्याचे सुमारे ७३ हजार डॉलर मिळतात.

त्याच्या वर टू-वे करार: प्रत्येक संघाला तीन, पगार नवख्याच्या किमान पगाराच्या निम्मा, ६.३६ लाख डॉलर, आणि एनबीएच्या जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी उपलब्ध. उरलेला वेळ जी लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये. आपल्याकडचा एखादा मुलगा उद्या तिथपर्यंत पोचला तर त्याच्यासमोर बहुधा हाच कागद येईल. तेव्हा त्याच्या घरच्यांनी रकमेआधी हमीची तारीख विचारावी, एवढं मला कळकळीने वाटतं.

पायरी ९ : एक करार पूर्ण वाचून बघू

जेलेन ब्रन्सन, जुलै २०२४. बातमी: चार वर्षांची मुदतवाढ, १५.६५ कोटी डॉलर, शेवटचं वर्ष खेळाडूच्या हातात.

हंगाम: सहा झालेले, मुदतवाढ सुरू होताना सात. म्हणजे ३० टक्क्यांचा धनी. हक्क: न्यूयॉर्कचे, पण करार अजून चालू, म्हणून मुदतवाढीचा नियम लागू. आधीच्या पगाराच्या १४० टक्क्यांपर्यंतच सुरुवात करता येते. २०२४-२५ चा पगार २.४९६ कोटी. १४० टक्के म्हणजे ३.४९४. गुणिले ४.४८, बरोबर १५.६५ कोटी. म्हणजे न्यूयॉर्कने त्या दिवशी नियमात बसेल तेवढं सगळं दिलं, एक डॉलरही राखला नाही.

एक वर्ष थांबला असता तर? पूर्ण बर्ड हक्क, ३० टक्के, पाच वर्षं. ४.६३९४ गुणिले ५.८०, म्हणजे २६.९ कोटी. म्हणून त्या उन्हाळ्यात सगळीकडे लिहिलं गेलं की त्याने ११ कोटींवर पाणी सोडलं. पण ती तुलना पाच वर्षांची चाराशी आहे. आणि शेवटचं वर्ष त्याच्या हातात आहे: २०२८ च्या उन्हाळ्यात तो बाहेर पडू शकतो. तेव्हा त्याचे हंगाम मोजा. २०१८-१९ पासून २०२७-२८ पर्यंत, बरोबर दहा. दहा म्हणजे ३५ टक्के, पूर्ण बर्ड हक्कांसह, गुणिले ५.८०, आणि तोवर कितीतरी वर चढलेल्या कॅपवर.

त्याचा कमी पगार २०२५-२६ पासून लागू होणार होता, त्यामुळे संघाला पुढच्या वर्षांचा हिशेब सैल करून मिळाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कने कार्ल-अँथनी टाउन्सला आणलं, आणि पुढच्याच उन्हाळ्याआधी, २५ वर्षांनी, संघ ईस्टच्या, म्हणजे लीगच्या पूर्व गटाच्या, अंतिम मालिकेत होता. २०२८ च्या जूनमध्ये ब्रन्सन एकतीस वर्षांचा असेल. गुडघे आणि घोटे ठीक राहिले तर त्या वर्षीची कॅप किती, एवढा एकच आकडा तुम्हाला शोधावा लागेल. बाकीचं गणित तुमच्याकडे आता आहे.